माइक नंतर, आधी खोली : घरी पाठ रेकॉर्ड करणाऱ्या शिक्षकांसाठी



आपल्यापैकी कितीतरी जण आता घरी बसून पाठ रेकॉर्ड करतात. कुणी कवितेची चाल लावून ऑडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकतं, कुणी गोष्टीचा व्हिडिओ बनवतं, कुणाचं स्वतःचं चॅनल आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा नाइलाज म्हणून सुरू झालेलं हे काम आता आपल्या सवयीचं झालंय, आणि ते चांगलंच आहे. गैरहजर राहिलेलं मूल संध्याकाळी वडिलांच्या फोनवर पाठ ऐकू शकतं. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलापर्यंत आपला आवाज पोचू शकतो.

पण आवाज पोचणं वेगळं आणि शब्द पोचणं वेगळं. ग्रुपवर येणारे बरेच पाठ ऐकताना विहिरीत वाकून कुणी बोलतंय असं वाटतं. शिक्षक मनापासून शिकवत असतात, पाठाची तयारी असते, चित्रंही सुंदर असतात. आवाज मात्र घुमतो. मग त्यावर ठरलेला सल्ला मिळतो, "सर, चांगला माइक घ्या." सर दोन-अडीच हजारांचा माइक घेतात आणि आवाज तसाच घुमत राहतो, कारण घुमतेय ती खोली.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. लहान मुलांसाठी पाठ रेकॉर्ड करायचा असेल तर पहिला रुपया आणि पहिला तास माइकवर नको, खोलीवर घालवा. त्यातही रुपया फारसा लागत नाही, कारण लागणारं बहुतेक सामान आपल्या घरात घडी घालून ठेवलेलं असतं.

प्रतिध्वनी आणि निनाद

नववीच्या विज्ञानात आपण शिकलोय की स्वतंत्र प्रतिध्वनी ऐकू यायला परावर्तक पृष्ठभाग साधारण १७ मीटर दूर लागतो. घरातली खोली असते १० फुटांची. मग तिथे प्रतिध्वनी कुठून येणार? बरोबर, तिथे प्रतिध्वनी येतच नाही. तिथे येतो निनाद.

आता बघा, हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमच्यापासून दीड मीटरवर भिंत असेल तर तुमचा आवाज भिंतीवर आपटून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत परत येतो. इतक्या लवकर आलेला आवाज कानाला वेगळा कळत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो. मग दुसऱ्या भिंतीवरून येतो, स्लॅबवरून येतो, फरशीवरून येतो, पुन्हा पहिल्या भिंतीवरून येतो. अशा शेकडो उसळ्यांची शेपटी प्रत्येक शब्दाला चिकटते. आपल्या घरांच्या भिंती गुळगुळीत प्लास्टरच्या, वर स्लॅब, खाली फरशी, खिडकीला काच. यातलं काहीही आवाज शोषून घेत नाही.

इथे एक शंका हमखास येते. "मी त्याच खोलीत रोज बोलते, मला तर काही घुमल्यासारखं वाटत नाही." खरं आहे, कारण तुम्हाला दोन कान आहेत. समोरून थेट आलेला आवाज कोणता आणि भिंतीवरून आलेला कोणता, हे मेंदू दोन कानांच्या मदतीने वेगळं करतो आणि भिंतीवरचा आवाज मागे सारतो. माइक हा एकच कान, आणि त्यामागे मेंदू नाही. तो सगळं एकत्र करून ठेवतो. रेकॉर्डिंग ऐकताना मात्र खोली एकदम कानात भरते. म्हणून खोलीची परीक्षा कानाने न करता रेकॉर्डिंग ऐकून करायची.

मुलांचं नेमकं काय बिघडतं?

"आशय चांगला असला की झालं, आवाज थोडा घुमला तर काय बिघडतं?" असं म्हणणारे सहकारी मला भेटतात. मोठ्यांपुरतं ते बरोबर आहे. दुसरीच्या मुलापुरतं ते बरोबर नाही.

आपल्या बोलण्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं नाजूक. 'आ' म्हणताना भरपूर ऊर्जा बाहेर पडते आणि तो लांबतोही. त्याच्या शेजारचा ट, ठ, क, ग मात्र क्षणभर येऊन जातो. श आणि स यांची बरीचशी ऊर्जा २००० हर्ट्झच्या वर असते आणि ती स्वरांपेक्षा खूप कमी असते. खोली घुमत असली की आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पसरते. ताट की ताठ? पाट की पाठ? दार की धार? बाक की बाग? साल की शाल? गाल की गाळ?

तुम्ही-आम्ही हे शब्द आधीपासून ओळखतो. अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं मनाने भरून काढतो. 'जेवणाचं ता...' एवढं ऐकलं तरी आपण 'ताट' समजतो. पण जे मूल तो शब्द पहिल्यांदाच ऐकतंय, ते कशाच्या जोरावर भरून काढणार? त्याच्याकडे तो शब्दच नाही, आणि तो देण्यासाठीच तर आपण पाठ रेकॉर्ड केलाय!

ज्या मुलांच्या घरी पावरी, भिली, कोरकू, गोंडी किंवा बंजारा बोलली जाते, त्यांच्यासाठी तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. शाळेतली मराठी त्यांच्यासाठी नवी भाषा असते. आपला रेकॉर्ड केलेला आवाज हा त्यांच्यासाठी उच्चाराचा नमुना असतो, आणि नमुनाच धूसर असेल तर नक्कल स्वच्छ कशी येईल?

वर्गात निदान आपले ओठ दिसतात. मूल हात वर करून "बाई, काय म्हणालात?" असं विचारतं. रेकॉर्डिंगला काही विचारता येत नाही. त्यातून ते ऐकलं जातं कशावर? घरातल्या जुन्या फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर, शेजारी टीव्ही चालू असताना. म्हणजे रेकॉर्डिंगमधला आवाज वर्गातल्या आवाजापेक्षा जास्त स्वच्छ असायला हवा.

हे शास्त्र वर्गातच जन्मलं

खोलीच्या आवाजाचं आधुनिक शास्त्र एखाद्या संगीतसभागृहात सुरू झालं असेल असं आपल्याला वाटतं. ते सुरू झालं एका वर्गात. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत झाली. तिच्या व्याख्यानगृहात शिक्षक काय बोलतात ते विद्यार्थ्यांना कळेना. १८९५ साली हे काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. तो रात्री, बाहेरची वर्दळ थांबल्यावर, तिथे ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. रिकाम्या व्याख्यानगृहात साधारण साडेपाच सेकंद लागत होते. म्हणजे एक शब्द विरेपर्यंत पुढचे दहा-बारा शब्द त्याच्यावर येऊन आदळत होते.

मग त्याने काय केलं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणल्या आणि त्या मांडून पुन्हा पुन्हा मोजलं. गाद्या वाढल्या की निनाद कमी होतो, आणि तो नेमक्या हिशेबाने कमी होतो, हे त्याने दाखवून दिलं. आजही जगभर तेच सूत्र वापरतात. निनादकाळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये आणि शोषण चौरस मीटरमध्ये घ्यायचं.

सूत्र पाहून घाबरू नका. पाचवीच्या गुणाकार-भागाकाराएवढंच गणित आहे. १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच खोली घेऊ. घनफळ साधारण २८ घनमीटर, भिंती, छत आणि जमीन मिळून ५६ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी पडणाऱ्या आवाजाचा साधारण तीन टक्केच भाग शोषतात असं धरलं तर एकूण शोषण १.७ चौरस मीटरच्या आसपास येतं. सूत्रात घाला. निनादकाळ येतो अडीच सेकंदांच्या वर! ही झाली रिकामी खोली. पलंगावर गादी, खिडकीला पडदा, दोरीवर कपडे आणि आत एक माणूस असेल तर शोषण पाच चौरस मीटर धरू. निनादकाळ ०.९ सेकंदावर येतो.

आता तुलनेसाठी एक आकडा. अमेरिकेत वर्गखोल्यांसाठी जे ध्वनिमानक आहे, त्यात साध्या आकाराच्या रिकाम्या वर्गाचा निनादकाळ जास्तीत जास्त ०.६ सेकंद असावा असं म्हटलंय. तेही समोर बसून दोन कानांनी ऐकणाऱ्या मुलांसाठी. बोलणं रेकॉर्ड करायच्या छोट्या खोलीत तो ०.३ ते ०.४ च्या आसपास असला की शब्द सुटे ऐकू येतात. तिथवर कसं जायचं?

फोम की गोधडी?

बाजारात काळ्या-करड्या रंगाचे, टोकेरी उंचवटे असलेले फोमचे तुकडे मिळतात. व्हिडिओत ते दिसले की स्टुडिओ वाटतो. पण जरा हिशेब करा. एक फूट बाय एक फुटाचे १२ तुकडे म्हणजे फक्त १.१ चौरस मीटर. पडलेला सगळाच्या सगळा आवाज त्यांनी शोषला असं धरलं, तरी वरच्या खोलीचा निनादकाळ ०.९ वरून ०.७ च्या जरा वर येऊन थांबतो.

आता आजीच्या गोधड्या घ्या. दोन मीटर बाय दीड मीटरची एक गोधडी म्हणजे तीन चौरस मीटर, आणि चार गोधड्या १२ चौरस मीटर. भिंतीपासून थोड्या सोडून टांगलेल्या जाड गोधड्यांनी साधारण साठ टक्के आवाज शोषला असं धरू. मग शोषण पाचवरून बारावर जातं आणि निनादकाळ ०.४ सेकंदाच्या आत येतो. हा ढोबळ अंदाज आहे. गोधडी किती जाड, कशी टांगली, यावर आकडा मागेपुढे होईल. पण दोन्हीतला फरक एवढा मोठा आहे की ढोबळ हिशेबातही लपत नाही.

गोधडीत असं काय आहे? जुन्या सुती साड्या-धोतरांचे थर एकमेकांवर ठेवून घातलेले टाके. थरांमध्ये असंख्य बारीक पोकळ्या असतात. ध्वनी म्हणजे हवेची हालचाल. ती हालचाल या पोकळ्यांमध्ये शिरते, धाग्यांना घासते आणि तिची ऊर्जा अगदी किंचित उष्णतेत बदलते. यावरून एक सोपी परीक्षा काढता येते. वस्तू तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर थोडी अडखळत पण आरपार जात असेल तर ती वस्तू आवाज शोषते. अजिबात जात नसेल तर आवाज बहुतेक परत फिरतो. सहज आरपार जात असेल तर आवाजही सहज आरपार जातो.

या परीक्षेत गोधडी, वाकळ, जाड सतरंजी, रजई, लोकरी घोंगडी पास होतात. थर्माकोल नापास, कारण त्यातले फुगे बंद असतात. प्लास्टिकची चटई, रेक्झिन, पुठ्ठा नापास. पातळ नायलॉनचा पडदाही नापास.

आणि अंड्यांचे ट्रे? ते स्टुडिओत लावतात असा समज फार जुना आहे. ते फोमसारखे दिसतात, एवढंच काय ते साम्य. पातळ कागदी लगदा बोलण्याचा फारसा आवाज शोषत नाही, फक्त वरच्या पट्टीतला थोडा इकडेतिकडे विखुरतो. वर धूळ बसते, झुरळं येतात आणि आग पटकन धरते. मुलांना प्रकल्पासाठी द्या, भिंतीला लावू नका.

पातळ फोमचा आणखी एक दोष आहे. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर असते. शोषक चांगला काम करायला त्याची जाडी, मागच्या मोकळ्या जागेसकट, तरंगलांबीच्या पाव भागाच्या आसपास, म्हणजे इथे साडेआठ सेंटिमीटर असावी लागते. इंचभर फोम भिंतीला चिकटवला की तो फक्त वरच्या पट्टीतला निनाद खातो, खालचा तसाच राहतो. मग आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. गोधडी भिंतीपासून चार बोटं ते वीतभर सोडून टांगली की हाच तोटा बराचसा भरून निघतो. त्यासाठी खिळे ठोकायचीही गरज नाही, दोरी पुरते.

काय, कुठे, कसं?

सगळी खोली मढवायची नाही. क्रम लक्षात घ्या.

१. खोली निवडा. नवी, रिकामी, मोठी खोली सगळ्यात वाईट. सामानाने गच्च भरलेली झोपायची खोली चांगली. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली चौकोनी पेटीसारखी खोली शक्यतो टाळा. १० फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५६, ११२, १६८ हर्ट्झ असे ठराविक सूर फुगतात. तिन्ही मापं सारखी असली की तेच सूर आणखी जोराने फुगतात. त्यातले ११२ आणि १६८ आपल्या बोलण्याच्याच पट्टीत येतात. म्हणून काही शब्द मध्येच "भुम्म" करतात.

२. बसायची जागा ठरवा. खोलीच्या अगदी मध्यभागी नको, कोपऱ्यात नको, भिंतीला टेकूनही नको. १० फुटांच्या खोलीत एका भिंतीपासून साधारण चार फुटांवर बसा.

३. पहिली गोधडी तुमच्या पाठीमागे. हे अनेकांना उलटं वाटतं. पण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून येणारा आवाज त्याला सरळ मिळतो. व्हिडिओत गोधडी दिसायला नको असेल तर तिच्यावर साधी सुती चादर किंवा ओढणी टाका. पातळ सुती कापड आवाज अडवत नाही.

४. दुसरी गोधडी समोर, फोनच्या मागे. तिसरी एका बाजूला. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी निदान एक तरी मऊ झाली पाहिजे, नाहीतर आवाज त्या दोघींमध्ये चेंडूसारखा उसळत राहतो.

५. खाली सतरंजी, वर काहीतरी. स्लॅब आणि फरशी यांची जोडी आपण नेहमी विसरतो. चौथी गोधडी डोक्यावर, दोन दोऱ्यांवर आडवी टाकता आली तर फार फरक पडतो. मच्छरदाणीचा सांगाडा असलेला पलंग असेल तर कामच झालं. त्याच्यावर तीन बाजूंनी आणि वरून गोधड्या टाका, आत बसा. कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँडही चालतो.

६. टेबलावर टॉवेल. समोरचं टेबल गुळगुळीत असेल तर तिथून आवाज उसळून थेट माइकमध्ये जातो. दुपदरी टॉवेल पसरला की झालं.

७. माइक वीतभर अंतरावर. हा उपाय फुकट आणि सगळ्यात गुणकारी. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज माइकपाशी सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा निनाद मात्र जवळपास तेवढाच राहतो. चार फुटांवर ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा वीतभर अंतरावरचा साधा कॉलर माइक शब्द स्वच्छ देतो. प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळत असेल तर तो तोंडासमोरून थोडा बाजूला घ्या.

एक सूचना गंभीरपणे घ्या. गोधड्या, फोम, कापड यांच्याजवळ समई, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, तापणारा बल्ब किंवा सैल वायरचा एक्स्टेंशन बोर्ड ठेवू नका. काम झालं की सगळं उतरवून घडी घाला. आणि उन्हाळ्यात दुपारी गोधड्यांच्या खोपीत बसून अर्धा तास रेकॉर्डिंग करायचा हट्ट धरू नका. पंखा बंद ठेवावा लागतो आणि जीव कासावीस होतो. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. मुलांनाही तेवढंच झेपतं.

गोधडी काय करत नाही?

हा फरक कळला नाही तर निराशा होते, म्हणून स्पष्ट सांगते. खोलीतला आवाज घुमू न देणं हे एक काम, आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे अगदी वेगळं काम. गोधडी पहिलं काम करते. दुसऱ्या कामाला वजनदार भिंती, जाड दारं आणि फटी बुजवणं लागतं. रेडिओच्या स्टुडिओला एकामागे एक दोन जड दारं असतात ती त्यासाठी. तेवढं घरी जमत नाही, करायची गरजही नाही.

आपल्याकडचा उपाय म्हणजे वेळ साधणं. पहाटे पाच-साडेपाचला रेकॉर्डिंग करा. मोटारसायकली नाहीत, कुकरच्या शिट्ट्या नाहीत, शेजारचा टीव्ही नाही. दाराच्या खालच्या फटीला जुनं पांघरूण लावा. फ्रीजची घरघर येत असेल तर दहा मिनिटं बंद करा, चालू करायची आठवण ठेवा. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात पाऊस सुरू झाला की रेकॉर्डिंग थांबवा. पत्र्यावरच्या पावसाला घरगुती उपाय नाही.

"मोबाइलवरचं ॲप आवाज साफ करून देतं की!" असाही प्रश्न येतो. पंख्याची एकसुरी घरघर ॲप बऱ्यापैकी काढतं, कारण ती तुमच्या आवाजापेक्षा वेगळी असते. निनाद मात्र तुमच्याच आवाजाचा बनलेला असतो. तो ओरबाडून काढताना ॲप बऱ्याचदा व्यंजनांचे कोपरेही खरवडतं, म्हणजे जे वाचवायचं तेच जातं. आधी खोली, मग ॲप.

प्रत्येकाने वेगळा खर्च का?

शिक्षक स्वतःच्या पगारातून माइक, स्टँड, रिंग लाइट, फोम घेतात. कुणी मागत नाही, कुणी देतही नाही. ही धडपड मोलाची आहे. पण एकाच केंद्रातल्या आठ-दहा शिक्षकांनी आठ-दहा माइक घ्यायचे आणि आठ-दहा घुमणाऱ्या खोल्यांत बसून बोलायचं, यात शहाणपण नाही.

माझी सूचना अशी की प्रत्येक केंद्रात एका शाळेतली एक छोटी, बिनवापराची खोली यासाठी ठेवावी. त्यात चार-सहा जाड गोधड्या, दोन सतरंज्या, एक बरा माइक. गोधड्या गावातल्या बचत गटाकडून शिवून घ्याव्यात, म्हणजे पैसा गावातच राहील. शिक्षण परिषदेत तासभर प्रात्यक्षिक ठेवावं, तंत्रस्नेही शिक्षकांनी बाकीच्यांना बसवून दाखवावं. शाळा व्यवस्थापन समितीला आधी आणि नंतरचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. ज्यांना व्हिडिओ जमत नाही पण ज्यांचं वाचन अप्रतिम आहे, अशा ज्येष्ठ बाई-गुरुजींचा आवाज या खोलीत जपून ठेवता येईल. मुलांनाही तिथे कविता म्हणायला बसवता येईल.

"आमच्याकडे वर्गालाच खोल्या पुरत नाहीत, स्टुडिओ कुठला?" असं कुणी म्हणेल. रास्त आहे. तिथे खोली नको, फक्त गोधड्यांचा गठ्ठा आणि दोऱ्या ठेवा. शाळा सुटल्यावर ऑफिसच्या कोपऱ्यात खोप उभी करायला पंधरा मिनिटं लागतात.

वर्गात करून बघा

यातून मुलांसाठी एक सुंदर कृतीही निघते. रिकाम्या वर्गात एका मुलाला एकदा टाळी वाजवायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग सगळी मुलं आत बसवून त्याच जागी तशीच टाळी. मग प्रत्येकाने घरून आणलेलं पांघरूण दोरीवर टाकून तिसरी टाळी. तिन्ही टाळ्या ऐकवा आणि विचारा, "काय बदललं?" चौथी-पाचवीची मुलं स्वतःच सांगतात की माणसं आणि कापड आवाज खातात. निनाद हा शब्द त्यांना नंतर द्या, अनुभव आधी येऊ दे. विजापूरच्या गोल घुमटाला सहल गेलीच तर तिथे घुमणारा आवाज ऐकताना त्यांना या टाळ्या आठवतील.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ. आज संध्याकाळी पुस्तकातला एकच परिच्छेद दोनदा रेकॉर्ड करा. एकदा नेहमीच्या जागी, एकदा पाठीमागे गोधडी टांगून आणि फोन वीतभर अंतरावर ठेवून. दोन्ही एखाद्या लहान मुलाला साध्या फोनवर ऐकवा आणि ऐकलेले शब्द परत म्हणायला सांगा. 'ताट' आणि 'ताठ' त्याने वेगळे म्हटले की समजा, तुमची खोली तयार झाली. त्यानंतर माइक घ्यायचा असेल तर खुशाल घ्या.

तुमचे अनुभव नक्की कळवा.